चार वेळा नापास झालेला माणूस बीजिंगला पोहोचला असता तर?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, लोकलमध्ये उभं राहून वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या जर-तरच्या मालिकेतला नवा भाग लिखित स्वरूपात. बोललोय तसंच बरंचसं ठेवलंय, 'म्हणजे' आणि 'बघा' तेवढे कमी केलेत.

आजचा विषय चीनचा आहे. ताइपिंग बंड. नाव ऐकलं नसेल तर लाजू नका, मीही स्पर्धा परीक्षेच्या जागतिक इतिहासात त्यावर दोन ओळी पाठ केल्या होत्या आणि विसरलो होतो. पण आकडा ऐका. कमीत कमी दोन कोटी माणसं मेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सहा-सात लाख मेले, त्यावर शेकडो सिनेमे आहेत. आणि हे दोन कोटी आपल्या पुस्तकात दोन ओळींत. असो.

सुरुवात एका मुलापासून. हाँग श्योच्वान. जन्म १८१४, दक्षिण चीनमध्ये, कँटन शहराजवळच्या एका खेड्यात. जमात हाक्का, म्हणजे त्या भागात 'बाहेरून आलेले' समजले जाणारे लोक. घरची शेती बेताची. मुलगा हुशार निघाला, मग घरच्यांनी, भावकीने ठरवलं की याला शिकवायचं. साहेब होईल, सगळ्यांचं भलं होईल. ओळखीचं वाटतंय ना?

त्या काळी चीनमध्ये साहेब व्हायचा रस्ता एकच, सरकारी परीक्षा. कन्फ्यूशियसचे ग्रंथ तोंडपाठ, ठरलेल्या साच्यातले निबंध. गावाकडची पहिली पायरी हाँग चढायचा, आणि कँटनला गेला की आपटायचा. आपल्या भाषेत, प्रीलिम निघायची, मेन्सला जायचं. १८२८, १८३६, १८३७, १८४३. चार वेळा.

इथे थोडं माझं सांगतो, नाहीतर मी या माणसाच्या मागे का लागलो ते कळणार नाही. मी पुण्यात चार वर्षं अभ्यासिकेत काढली. मीही चार वेळा. शेवटच्या वेळी यादी लागली तेव्हा मी पेठेतल्या एका मेसच्या बाहेर उभा होतो, आणि आईला फोन करून काय सांगायचं ते सुचत नव्हतं म्हणून मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला. तीन दिवस. घरी वाटलं, पोरगं गेलं. त्यामुळे १८३७ मध्ये हाँगला काय झालं ते वाचताना मला नवल वाटलं नाही.

तिसऱ्या नापासीनंतर त्याला पालखीत घालून घरी आणलं. तापाने फणफणला, कितीतरी दिवस अंथरुणात. त्यात त्याला स्वप्न पडलं. वर स्वर्गात सोनेरी दाढीचा, काळ्या झग्यातला एक म्हातारा बसलाय आणि रडतोय, की मी घडवलेली माणसं मलाच विसरली, सैतानांच्या नादी लागली. त्याने हाँगला तलवार दिली. सोबत एक मधल्या वयाचा माणूस होता, त्याला हाँग 'थोरला भाऊ' म्हणाला. बरा झाला, उठला, पुन्हा गावच्या पोरांना शिकवायला लागला. सहा वर्षं काही नाही.

मग १८४३ ला चौथी नापासी. आणि तेव्हा घरात पडलेलं एक पुस्तक हातात आलं. ख्रिस्ती धर्माच्या प्रचाराचं, एका चिनी माणसाने लिहिलेलं, काही वर्षांपूर्वी कँटनला परीक्षेच्या वेळी कुणीतरी हातात कोंबलेलं. ते वाचल्यावर त्याच्या डोक्यात तार जुळली. म्हातारा म्हणजे देव. थोरला भाऊ म्हणजे येशू. मग मी कोण? देवाचा धाकटा मुलगा.

हसू येतंय? थांबा जरा. ज्या माणसाला दहा-पंधरा वर्षं एक व्यवस्था सांगत होती की तुझी लायकी नाही, त्याला आता कळलं की परीक्षाच खोटी होती, परीक्षकच सैतान होते. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसलो नाही, मला हेवा वाटला.

त्याने शाळेतल्या कन्फ्यूशियसच्या पाट्या काढून टाकल्या, नोकरी गेली. त्याचा मित्र फंग युन्शान शेजारच्या ग्वांगशी प्रांतात डोंगरात गेला आणि कोळसा पाडणारे, खाणीत राबणारे, जमिनीसाठी स्थानिकांशी मारामाऱ्या करून थकलेले हाक्का शेतकरी यांच्यात प्रचार सुरू केला. खरी संघटना उभी केली ती या फंगने, हाँगने नव्हे. हा माणूस १८५२ मध्ये लढाईत गेला आणि माझ्या मते चळवळीचं नशीब तिथेच निम्मं फिरलं. दरम्यान हाँग कँटनमध्ये एका अमेरिकन पाद्र्याकडे शिकायला गेला, पण त्याने बाप्तिस्मा लांबणीवर टाकला. पाचवी नापासी म्हणा हवं तर.

जानेवारी १८५१, जिनत्येन गावात उठाव जाहीर झाला. राज्याचं नाव 'ताइपिंग त्येनग्वो', महाशांतीचं स्वर्गीय राज्य. कपाळ भादरायचं आणि मागे शेंडी ठेवायची हा मांचू राज्यकर्त्यांचा हुकूम झुगारून यांनी केस वाढवले, म्हणून लोक यांना 'लांब केसवाले' म्हणायचे. सगळ्यांची कमाई एका पवित्र कोठारात. अफू बंद, दारू बंद, तंबाखू बंद, बायकांचे पाय बांधणं बंद. हाक्का बायका तशाही पाय बांधत नसत, त्या लढायलाही होत्या. आणि १९ मार्च १८५३ ला या लोकांनी नानजिंग घेतलं. चीनचं जुनं राजधानीचं शहर. (त्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. तारखा डोक्यात बसवायला बरं पडतं.) शहरातल्या मांचू वस्तीतली माणसं, बायका-पोरांसकट, हजारोंनी कापली. हे मुद्दाम सांगतोय, कारण सोशल मीडियावर ताइपिंगवाल्यांची जी गोड चित्रं फिरतात त्यात हे नसतं.

आता आपला जर-तर.

नानजिंग घेतल्यावर त्यांच्याकडे लाखोंचा जमाव होता. सरकारी फौज घाबरलेली. आणि त्यांनी काय केलं? राजधानी थाटली, राजवाडे बांधायला घेतले आणि बीजिंगवर जेमतेम वीस हजारांच्या आसपास माणसं पाठवली. ती फौज तरीही लढत लढत ऑक्टोबर १८५३ मध्ये तिआनजिनच्या जवळ पोहोचली. बीजिंग तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. मग थंडी आली. दक्षिणेतली माणसं, भात खाणारी, बर्फ न पाहिलेली. हळूहळू सगळी संपली.

समजा सगळा लोंढाच उत्तरेला गेला असता, उन्हाळ्यातच. समजा बादशहा पळाला असता. (हे काही अशक्य नाही, तोच शियानफंग बादशहा १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच आले तेव्हा खरंच पळाला.) तर देवाच्या धाकट्या मुलाचं राज्य जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकसंख्येवर आलं असतं. व्हॅटिकनपासून लंडनपर्यंत कुठल्याही चर्चने ज्याला ख्रिस्ती मानलं नसतं अशा माणसाचं.

पहिला परिणाम बघा कुठे होतो. मुंबईत.

माळव्यातली अफू तेव्हा मुंबई बंदरातून चीनला जायची. जमशेटजी जीजीभाय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांची मोठी कमाई चीनच्या याच व्यापारात, अफू आणि कापसात झाली, त्या पैशातून आपल्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या संस्था आल्या, जे. जे. हॉस्पिटल धरून. आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी उत्पन्नातला साधारण सहावा-सातवा हिस्सा अफूचा होता. खऱ्या इतिहासात १८५८ मध्ये चिंग सरकारने तहांच्या दबावाखाली अफूवर जकात लावून ती कायदेशीर करून टाकली. ताइपिंगच्या कायद्यात अफूला मृत्युदंड होता. मी असं म्हणत नाही की अफू थांबलीच असती. त्यांच्या मुलखातही चोरून चालायचीच, कायदा आणि बाजार हे दोन वेगळे प्राणी. पण बीजिंगच्या सिंहासनावरचा माणूस सही करणारा नसता, हे नक्की. मग कंपनी सरकारने तो खड्डा कशातून भरला असता? शेतसाऱ्यातून. म्हणजे आपल्याकडच्या कुणब्याच्या खिशातून. चीनचा देव, दख्खनचा शेतकरी, मधे कलकत्त्याचा हिशेबनीस. इतिहास असा वाकडा चालतो.

दुसरी गोष्ट, ही मला फार आवडते. १८५७ मध्ये चीनकडे निघालेलं इंग्रजी सैन्य वाटेतच हिंदुस्थानकडे वळवलं गेलं, उठाव मोडायला. ते सैन्य समुद्रावर होतं कारण चिंग सरकारशी दुसरं अफूयुद्ध जुंपलं होतं. चिंग सरकारच नसतं तर ते युद्ध त्या वर्षी, त्या कारणाने झालं नसतं. ती गलबतं तिथे नसती. आता यावरून १८५७ चा निकाल बदलला असता असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका, प्लीज. पण कानपूर-लखनौकडे कुमक पोहोचायला उशीर झाला असता, इतकं म्हणायला माझी हरकत नाही.

इथपर्यंत माझ्या डोक्यात ताइपिंग हिरोच होते. पहिला मसुदा लिहिला तेव्हा शेवट असा होता की चीन जपानच्या आधी आधुनिक झाला असता. त्याला आधारही आहे. हाँगचा एक नातलग होता, हाँग रेनगान. हाँगकाँगमध्ये मिशनऱ्यांबरोबर काम केलेला, जग पाहिलेला. १८५९ मध्ये तो नानजिंगला पोहोचला आणि त्याने आराखडा मांडला. रेल्वे, आगबोटी, बँका, टपाल, वर्तमानपत्रं, दवाखाने, नवीन शोध लावणाऱ्याला हक्क. जपानचं मेइजी पर्व सुरू व्हायला अजून नऊ वर्षं होती. आणि हाँग श्योच्वानने तो वाचून बहुतेक गोष्टींवर पसंतीचे शेरे मारले.

मग माझा मसुदा का बदलला? १८५६ मुळे. आणि थोडा माझ्यामुळे.

झालं असं, की पूर्वी १८४८ मध्ये, फंग तुरुंगात आणि हाँग गावाबाहेर असताना, याँग श्योछिंग नावाच्या कोळसेवाल्याच्या अंगात आलं. देव त्याच्या तोंडून बोलायला लागला. खुद्द बाप. दुसऱ्या एकाच्या अंगात येशू यायला लागला. हाँग परत आला, त्याच्यापुढे पेच. नाही म्हणावं तर माणसं फुटतात. त्याने दोघांनाही मान्यता दिली. याँग पुढे भन्नाट सेनापती निघाला, राज्य खरं तोच चालवत होता. पण विचार करा, तुम्ही देवाचा मुलगा आहात आणि तुमच्या हाताखालचा माणूस अधूनमधून तुमचा बाप होतो!

१८५३ च्या डिसेंबरात याँगच्या अंगात बाप आला आणि त्याने हाँगला, राजाला, चाळीस फटक्यांची शिक्षा सुनावली. जनानखान्यातल्या बायकांशी नीट वागत नाहीस म्हणून. दरबारी रडायला लागले, हाँग जमिनीवर पालथा पडला, मार खायला तयार झाला, तेव्हा देवाने माफ केलं. १८५६ च्या ऑगस्टमध्ये याँगने आणखी वरचा मान मागितला, 'दहा हजार वर्षं', जो फक्त सम्राटाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला वेई छांगहुई नावाच्या दुसऱ्या राजाने याँगला मारलं, आणि मग याँगचं घरदार, त्याचे लोक, हजारोंनी. शी दाखाई नावाचा सगळ्यात चांगला सेनानी याला बोलला तर त्याचं कुटुंब मारलं. मग वेईला मारलं. शी दाखाई पुढच्या वर्षी आपली फौज घेऊन निघून गेला तो परत आलाच नाही. हे सगळं कधी? त्याच वर्षी उन्हाळ्यात नानजिंगला वेढा घालून बसलेली सरकारी छावणी त्यांनी उधळून लावली होती, तेव्हा. जिंकत असताना.

आता माझं. तिसऱ्यांदा राहिलो तेव्हा रूममेट मला एका बैठकीला घेऊन गेला. नाव सांगत नाही, छोटा ग्रुप होता, एक दादा होते, गोड बोलायचे. ते म्हणाले, नापास तू नाही झालास, ज्यांनी पेपर काढला ते झाले. मी तिथे बसून रडलो. आठ महिने गेलो. कोठार होतं आमचंही, सगळ्यांचे डबे एकत्र, पैसे एकत्र, आणि खोटं कशाला बोलू, त्या आठ महिन्यांत मी जितका नीट झोपलो तितका पुण्यात कधी झोपलो नाही. रात्री एक खेळ चालायचा, 'आपलं राज्य आलं तर'. प्रत्येकाने एक कायदा सांगायचा. रूममेट दरवेळी म्हणायचा, परीक्षा बंद. सगळे टाळ्या वाजवायचे.

मग एके दिवशी दादांच्या शिवाय आणखी एकाला 'आदेश' यायला लागले. आधी किरकोळ होते, कुणी कुठे बसायचं वगैरे. पुढे पैशांचे. दादांना ते खोटे म्हणता येईनात, कारण त्यांचे स्वतःचेही तिथूनच यायचे. आमच्यात कुणाचा खून वगैरे झाला नाही, पण एका रात्रीत माणसं दोन खोल्यांत वाटली गेली आणि काल एका डब्यात जेवलेले एकमेकांचे व्हॉट्सअ‍ॅप स्क्रीनशॉट गोळा करायला लागले. मी बॅग भरली.

म्हणून १८५३ ला बीजिंग पडलं असतं तरी १८५६ टळलं असतं असं मला वाटत नाही. फक्त ते नानजिंगच्या ऐवजी बीजिंगमध्ये झालं असतं. शहर मोठं, तिजोरी मोठी, फौजा चारी प्रांतांत पसरलेल्या, आणि प्रत्येक फौजेच्या म्होरक्याला आपला एक कुणीतरी सापडला असता ज्याच्या अंगात येतं. रेनगानचा रेल्वेचा आराखडा? तो १८५९ चा. तोवर ऐकायला एकसंध राज्य उरलं पाहिजे ना. माझा अंदाज, आराखडे बाजूला राहून चार स्वर्गीय राज्यं एकमेकांना सैतान म्हणत लढली असती, आणि इंग्रजांनी चौघांनाही बंदुका विकल्या असत्या.

आणि परीक्षेचं सांगायचं राहिलंच. नानजिंगमध्ये आल्यावर चार वेळा नापास झालेल्या या माणसाने काय सुरू केलं असेल? परीक्षा. कन्फ्यूशियसच्या जागी बायबल आणि हाँगची स्वतःची लिखाणं. बायबलसुद्धा त्याने नंतर दुरुस्त केलं, नोहा दारू पिऊन पडला वगैरे प्रसंग देवमाणसांना शोभत नाहीत म्हणून बदलले. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हसलो. मग वाटलं, त्याला दुसरं येतच काय होतं? लहानपणापासून एकच दार पाहिलेलं, तेच त्याने बांधलं. नवरा-बायकोंनाही वेगवेगळ्या वस्त्यांत ठेवायचा नियम होता, तो १८५५ च्या सुमारास सुटला, आणि तोवर राजांचे जनानखाने भरलेलेच होते. जमीन सगळ्यांना सारखी वाटायचा कायदा छापला, राबवला जवळजवळ नाहीच.

खरा शेवट थोडक्यात. त्सेंग क्वोफान नावाच्या चिनी अधिकाऱ्याने आपल्या हुनान प्रांतातून नवी फौज उभी केली, आणि त्यांना खऱ्या अर्थाने हरवलं ते तिने. शांघायजवळ इंग्रजांनीही हात दिला. १८६२ मध्ये तिथे ताइपिंगवाल्यांशी लढायला मुंबई इलाख्याच्या फौजेतले देशी शिपाई उतरले होते. त्या काळी मुंबईच्या पलटणींत कोकणातली, देशावरची माणसं पुष्कळ असत. म्हणजे कुणीतरी एक रत्नागिरीकडचा शिपाई शांघायजवळच्या भाताच्या खाचरात उभा राहून लांब केसांच्या माणसांवर नेम धरत असणार, आणि त्याला कुणी सांगितलंही नसेल की समोरचे स्वतःला देवाचे सैनिक म्हणवतात. त्याने घरी काय सांगितलं असेल? एखाद्याच्या घरी आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली अशी काही गोष्ट असेल तर मला जरूर पाठवा, त्यावर वेगळा भाग करू.

१ जून १८६४ ला हाँग मेला. वेढ्यात धान्य संपलं तेव्हा तो लोकांना रानातलं गवत-पाला खायला सांगत होता, देवाने पाठवलेलं अन्न म्हणून, आणि स्वतःही खात होता. १९ जुलैला नानजिंग पडलं. आज बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात हुतात्म्यांचं जे स्मारक आहे त्यावर जिनत्येनच्या उठावाचं शिल्प कोरलेलं आहे. बीजिंगला पोहोचले म्हणायचं, दगडात का होईना.

रूममेटचं विचारलंत तर तो अजून त्यांच्यात आहे, त्या फुटलेल्या दोन गटांपैकी एका गटात. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता. म्हणाला, "भावा, तुझे एपिसोड ऐकतो मी. आमच्याबद्दल बोलणार आहेस का कधी?" मी म्हटलं, चीनबद्दल बोलणार आहे. तो हसला. मग विचारलं, सध्या काय चाललंय तुझं? म्हणाला, नवीन येणाऱ्या पोरांची तोंडी घेतो, आपलं तत्त्व किती पक्कं झालंय ते बघायला. "परवा तीन जण ठेवले मागे," तो म्हणाला, "अभ्यास कच्चा होता."

पुढचा भाग पंधरा दिवसांनी. तोवर राम राम.